पेट्रोलची झडप प्रत्येक गाडीत वेगळी का उघडते

गेल्या पावसाळ्यात मेहुण्याची गाडी घेऊन मी पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो आणि साताऱ्याच्या अलीकडे एका पंपावर पेट्रोल भरायला थांबलो. माझ्या स्वतःच्या गाडीत चालकाच्या सीटच्या उजव्या बाजूला, दाराच्या उंबऱ्याशी, एक छोटा लिव्हर आहे. तो वर ओढला की मागे टाकीवरची झडप टक् असा आवाज करून उघडते. सवयीने हात तिथेच गेला आणि हाताला नुसता गालिचा लागला. स्टिअरिंगखाली चाचपून पाहिले, तिथे बॉनेटचा लिव्हर होता. दारावरची बटणे पाहिली, ती काचांची होती. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, तेव्हा पंपावरचा मुलगा खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाला, "साहेब, काही ओढायचं नाही. लॉक तेवढं काढा." मी दारांचे लॉक काढले. त्याने झडपेच्या मागच्या कडेवर तळहाताने हलकेच दाबले, झडप बोटभर बाहेर आली आणि त्याने ती पूर्ण उघडली.

रोज शेकडो गाड्या हाताळणाऱ्या त्या मुलाला जे सहज ठाऊक होते, ते वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या मला ठाऊक नव्हते, कारण आपण एकाच गाडीची सवय लावून घेतो आणि तीच पद्धत सगळीकडे असेल असे धरून चालतो. प्रत्यक्षात ही एवढीशी झडप उघडण्याच्या निदान चार पद्धती आज आपल्या रस्त्यांवर एकाच वेळी वापरात आहेत. त्यांच्यातला फरक केवळ बटण कुठे आहे एवढाच नाही. झडपेचे कुलूप कोणाच्या ताब्यात ठेवायचे, याबद्दल प्रत्येक पद्धतीने वेगळा निर्णय घेतलेला आहे, आणि तो निर्णय कळला की अनोळखी गाडीतही झडप कशी उघडेल याचा अंदाज बांधता येतो.

बोलताना आपण "टाकीचं झाकण" म्हणतो तेव्हा खरे तर दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतो. बाहेरून दिसते ती गाडीच्याच रंगाची, बिजागरीवर फिरणारी झडप. तिच्या आत एक वाटीसारखा खळगा असतो आणि त्या खळग्यात टाकीकडे जाणाऱ्या नळीचे तोंड असते, ज्यावर आटे असलेले टोपण फिरवून बसवलेले असते. इंधनाची वाफ अडवणे, टाकीतला दाब ठरावीक मर्यादेत ठेवणे आणि गाडी उलटली तरी इंधन सांडू न देणे ही खरी जबाबदारी टोपणाची आहे. झडपेचे काम टोपण झाकणे, धूळपाणी बाहेर ठेवणे आणि चोराला हात घालू न देणे एवढेच आहे. म्हणजे या दोघांपैकी एकाला तरी कुलूप हवे, आणि ते कोणाला लावायचे यावरूनच पद्धती वेगळ्या झाल्या.

सर्वांत जुन्या पद्धतीत कुलूप टोपणालाच असते. नळी घालून तोंडाने ओढून टाकीतले पेट्रोल काढणे फार सोपे असल्यामुळे टोपणाच्या मध्यभागी किल्लीचे भोक असे, चालक किल्ली काढून पंपावरच्या माणसाच्या हाती देई आणि तो टोपण उघडे. दुचाकीवर आजही आपण हेच करतो, आणि काही साध्या, स्वस्त चारचाकींतही हीच सोय असते. गैरसोयीच्या वाटणाऱ्या या पद्धतीचा एक मोठा गुण मात्र नीटसा लक्षात घेतला जात नाही. जिथे गाडीची आणि टोपणाची किल्ली एकच असे, तिथे किल्ली काढल्याशिवाय टोपण उघडत नसे, त्यामुळे इंजिन बंद करणे आपोआपच होई. आज पंपावर "इंजिन बंद करा" असे पाटीवर लिहावे लागते, ते काम त्या किल्लीने न बोलता केले होते.

अमेरिकेत याच काळात वेगळाच विचार चालू होता. तिथे झडप दिसूच नये अशी मोटारींच्या आखणीकारांची धडपड होती, त्यामुळे १९५७ च्या शेव्हरोलेमध्ये टाकीचे तोंड डाव्या शेपटीच्या चकचकीत पट्टीमागे दडवलेले होते आणि पुढे अनेक मोटारींत ते मागच्या नंबर प्लेटच्या मागे असे. नंबर प्लेट बिजागरीवर खाली ओढायची आणि टोपण काढायचे. पंप कोणत्याही बाजूला असला तरी चालत असल्यामुळे ही जागा भरणाऱ्याच्या दृष्टीने सोयीची होती, पण मागून धडक बसली की नेमका तोच भाग दाबला जातो. १९७०च्या दशकात तिथे मागच्या धडकेनंतर इंधन गळू नये यासाठीचे नियम कडक झाले आणि टाकीचे तोंड गाडीच्या कुशीत, मागच्या चाकाच्या वर, सरकले. आज जवळपास सगळ्या गाड्यांत ते तिथेच असते.

झडप कुशीत आली, तिला रंग लागला, आणि मग चालकाला न उतरता ती उघडता यावी ही अपेक्षा निर्माण झाली. त्यातून आला तो केबलचा लिव्हर. माझ्या गाडीतला, आणि भारतातल्या अनेक मारुती सुझुकी गाड्यांतला, हाच. सीटच्या बाजूला किंवा डॅशबोर्डखाली उजव्या गुडघ्याजवळ एक लिव्हर असतो. कधी त्याच्या शेजारी डिकीचाही लिव्हर असतो आणि एकावर पंपाचे, तर दुसऱ्यावर डिकी उघडलेल्या गाडीचे चित्र असते. लिव्हरला बांधलेली पोलादी तार एका प्लास्टिकच्या आवरणातून गालिचाखालून, दाराच्या उंबऱ्याच्या कडेने मागच्या चाकाच्या वरपर्यंत जाते. सायकलच्या ब्रेकची केबल ज्यांनी हाताळली आहे त्यांना ती पाहताक्षणी ओळखू येईल. तारेच्या शेवटी एक खिटी असते आणि ती झडपेच्या आतल्या आकड्यात अडकलेली असते. लिव्हर ओढला की खिटी मागे सरते, आणि बिजागरीजवळची पात्याची स्प्रिंग झडपेला बाहेर ढकलते.

या पद्धतीत झडपेचे कुलूप पूर्णपणे चालकाच्या हातात असते. दारे बंद असोत, उघडी असोत, बॅटरी उतरलेली असो, लिव्हर ओढला की झडप उघडते आणि न ओढता उघडत नाही. मला स्वतःला ही पद्धत सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही आणि जे बिघडते ते दिसते. केबल वर्षानुवर्षांच्या ओढीने ताणली जाते, आवरणात धूळ आणि गंज साचून जड होते, किंवा झडपेमागची स्प्रिंग थकते. अशा वेळी लिव्हर ओढला की खिटी सुटल्याचा बारीक आवाज येतो, पण झडप जागची हलत नाही. यावरचा उपाय पंपावरची माणसे रोज करतात. एकाने लिव्हर ओढून तसाच धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी झडपेची मागची कड नखाने किंवा बोटाच्या पेराने अलगद बाहेर ओढायची. नवी स्प्रिंग किंवा केबल बसवणे हे कोणत्याही गल्लीतल्या गॅरेजचे काम आहे.

मेहुण्याच्या गाडीतली पद्धत याच्या अगदी उलट आहे. तिथे झडप चालकाच्या हाताकडे पाहत नाही, दारांच्या लॉककडे पाहते. फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज अशा युरोपीय घराण्यांच्या गाड्यांत ही पद्धत बराच काळ रूढ आहे आणि आता इतर कंपन्यांच्या गाड्यांतही ती दिसू लागली आहे. झडपेच्या मागे एक छोटी मोटर बसवलेली असते आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची एक खिटी असते. दारे लॉक झाली की मोटर खिटी बाहेर सारते आणि झडप अडते, लॉक निघाले की खिटी आत जाते आणि झडप मोकळी होते. मोकळी झाली तरी ती आपोआप उघडत नाही, कारण तिला जागेवर धरणारी एक वेगळी कळ असते. बॉलपेनच्या टोकासारखी ती चालते. एकदा दाबले की सुटते, पुन्हा दाबले की अडकते. बिजागरी सहसा पुढच्या बाजूला असल्यामुळे दाबायचे ते मागच्या कडेवर, आणि तळहाताने. मध्यभागी दाबले तर कळीपर्यंत जोर पोचत नाही आणि पत्र्याला मात्र खळगा पडण्याची भीती असते.

गोंधळ होतो तो याच पद्धतीत, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. अनेक गाड्या ठरावीक वेगाच्या वर गेल्या की स्वतःच दारे लॉक करतात. आपण पंपावर थांबतो, आतच बसून राहतो, दार उघडत नाही, म्हणून लॉक तसेच राहते आणि बाहेरचा माणूस झडप दाबत बसतो. दुसरे असे की काही गाड्यांच्या रिमोटवर एकदा दाबले तर फक्त चालकाचे दार उघडते आणि दुसऱ्यांदा दाबले तरच बाकीची दारे उघडतात, आणि झडप त्या बाकीच्यांच्या बाजूची असू शकते. म्हणजे आपले दार उघडे आहे हे डोळ्यांना दिसत असते, तरीही झडप अडलेलीच असते. तिसरी गोष्ट जास्त नुकसानीची आहे. पेट्रोल भरून होत असताना चालक पैसे द्यायला जातो आणि सवयीने रिमोटचे लॉक दाबतो. झडप उघडी असतानाच खिटी बाहेर येते, आणि मग झडप बंद करायला गेले की ती खिटीवर आदळून परत येते. अशा वेळी जोर लावला तर मोडते ती खिटी, आणि ती मोटरसकट बदलावी लागते. झडप बंद होत नाही असे दिसले की पहिल्यांदा लॉक काढावे, मग झडप दाबून बसवावी आणि त्यानंतरच गाडी लॉक करावी.

काही गाड्यांत केबलऐवजी बटण असते, दारावर किंवा स्टिअरिंगच्या बाजूला. लिव्हरचीच ही विजेवर चालणारी आवृत्ती आहे आणि तिच्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे. एका प्रकारच्या गाड्यांत मात्र बटण अपरिहार्य ठरते. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या ज्या हायब्रीड गाड्या घरच्या प्लगवर चार्ज करता येतात, त्यांचे पेट्रोल इंजिन कित्येक दिवस चालूच होत नाही. साध्या गाडीत टाकीतली पेट्रोलची वाफ एका कोळशाच्या डब्यात साठते आणि इंजिन चालू असताना ओढून जाळली जाते. इंजिनच चालत नसेल तर हा डबा रिकामा कसा होणार? म्हणून अशा अनेक गाड्यांत टाकी हवाबंद ठेवतात, वाफेचा दाब आत तसाच राहतो, आणि झडपेचे बटण दाबल्यावर गाडी आधी तो दाब उतरवते आणि मगच झडप सोडते. काही सेकंद काहीच होत नाही असे वाटते, प्रत्यक्षात ते काम चाललेले असते.

कोणती झडप कोणत्या बाजूला, हाही नेहमीचा प्रश्न आहे. मारुती सुझुकी, ह्युंदाई, होंडा यांच्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती डावीकडे, तर फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या गाड्यांत उजवीकडे असते. जपानमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते आणि जर्मनीत उजवीकडून, त्यामुळे आपापल्या देशात दोन्ही गाड्यांची झडप रस्त्याच्या कडेच्या बाजूला येते. रस्त्यातच इंधन संपले आणि डब्यातून ओतायची वेळ आली तर वाहतुकीकडे पाठ करून उभे राहावे लागत नाही. सगळ्या कंपन्या हे पाळतात असे मात्र नाही. देश बदलला की स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला नेतात, पण टाकीची नळी, सायलेन्सरचा मार्ग आणि मागचा पत्रा एकमेकांत इतके गुंतलेले असतात की झडप सहसा होती तिथेच राहते.

बाजू आठवत नसेल तर उतरून पाहण्याची गरज नाही. पेट्रोलच्या काट्याशेजारी पंपाचे जे चित्र असते, त्याच्या बाजूला एक छोटा त्रिकोणी बाण असतो आणि तो ज्या दिशेला असेल त्या बाजूला झडप असते. ही कल्पना फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांची. १९८६ मध्ये एका पावसाळी दिवशी कंपनीची गाडी घेऊन ते पंपावर गेले, झडप दुसऱ्या बाजूला निघाली आणि ते भिजले. परत येऊन त्यांनी लगेच आपल्या वरिष्ठांना एक टिपण लिहिले, आणि १९८९ च्या फोर्ड एस्कॉर्टपासून तो बाण गाड्यांत दिसू लागला. पुढे इतर कंपन्यांनीही तो उचलला. पंपाच्या चित्रातला नोझल ज्या बाजूला असतो त्या बाजूला झडप असते असे बरेच जण सांगतात, पण त्यावर विसंबू नये. चित्र अनेक गाड्यांत सारखेच असते, भरवसा ठेवावा तो बाणावरच. भाड्याच्या गाड्या वरचेवर चालवणाऱ्या परदेशातल्या मराठी मंडळींना हा बाण विशेष उपयोगी पडतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पेट्रोल स्वतःच भरावे लागते. न्यू जर्सीत मात्र १९४९ च्या कायद्याने ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरण्यास मनाई आहे, त्यामुळे एडिसनमधल्या आपल्या माणसाला झडप उघडून द्यायची तेवढी राहते.

झडप उघडल्यावर आत काय दिसते, तेही आता पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराबाबतचे बीएस-६ चे नियम लागू झाल्यावर अनेक डिझेल गाड्यांत एकाच झडपेखाली दोन टोपणे आली आहेत. त्यांतले निळे टोपण धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचे असते. ते द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेले तर गाडी चालू करू नये, इग्निशनची किल्लीसुद्धा फिरवू नये, गाडी उचलून गॅरेजला न्यावी. इंजिन फिरले की ते द्रावण पंपातून पुढे जाते आणि सगळी यंत्रणाच गंजवते. झडपेच्या आतल्या बाजूला चिकटवलेली पट्टी वाचण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी. इंधन कोणते, ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल चालते की नाही, हे तिथेच लिहिलेले असते.

सीएनजीच्या गाड्यांत झडपेला आणखी एक काम मिळाले आहे. मुंबई-पुण्यात सीएनजीच्या रांगेत उभे राहणाऱ्यांना हे ठाऊक असेल की गॅस भरताना सगळ्यांना उतरायला लावतात, कारण तो साधारण २०० बार दाबाने भरला जातो. मारुती सुझुकी आणि टाटा यांच्या कंपनीतूनच सीएनजी बसवून येणाऱ्या गाड्यांत गॅस भरण्याच्या तोंडावरच्या झाकणाशी एक छोटा स्विच असतो, आणि झाकण उघडे असेपर्यंत इंजिन चालू होत नाही. नळी लागलेली असताना गाडी पुढे जाण्याचा धोका त्यामुळे टळतो. टोपणाच्या किल्लीने पूर्वी जे साधले होते, ते या स्विचने पुन्हा साधले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. गाडी चालू होत नाही म्हणून घाबरून मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी मात्र ते झाकण नीट बसले आहे का, हे एकदा पाहावे. विजेच्या गाड्यांत झडपेखाली चार्जिंगचे तोंड असते. नेक्सॉनच्या विजेवरील गाडीत ते पेट्रोलच्या झडपेच्याच जागी आहे, तर एमजीच्या झेडएस गाडीत पुढच्या बाजूला, बोधचिन्हाशी आहे.

आपल्याकडच्या पावसाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. टोपणाभोवतीच्या खळग्याला तळाशी एक बारीक भोक असते, त्यातून पावसाचे आणि सांडलेल्या इंधनाचे थेंब खाली निघून जातात. कोकणातल्या लाल मातीने किंवा वाळलेल्या पानांच्या चुऱ्याने ते बुजले की खळग्यात पाणी साचते आणि टोपणाच्या कडेने गंज धरतो. टोपण काढताना साचलेले पाणी टाकीतही उतरू शकते. जूनच्या आधी झडप उघडून ते भोक पाहावे आणि बुजले असेल तर प्लास्टिकच्या जाड दोऱ्याने मोकळे करावे. तार घालू नये, रंग खरवडला जातो.

आणि झडप उघडलीच नाही तर? पहिला मोह स्क्रूड्रायव्हर घालून उचकटण्याचा होतो. तो टाळावा, कारण कडेचा रंग उडतो, पत्रा वाकतो आणि नंतर डेंटिंग-पेंटिंगचा खर्च मूळ बिघाडापेक्षा मोठा होतो. केबलच्या गाडीत वर सांगितलेली दोघांची युक्ती करून पाहावी. लॉकशी जोडलेल्या झडपेच्या गाडीत आधी दारे एकदा लॉक करून पुन्हा काढावीत आणि त्या वेळी झडपेजवळ कान देऊन मोटरचा बारीक आवाज येतो का ते ऐकावे. आवाज येत असेल तर मोटर ठीक आहे आणि झडप धुळीने अडकली आहे, कडेवर दाबून सोडले की ती बहुधा सुटते. आवाजच येत नसेल तर मोटर किंवा तिचा फ्यूज गेला आहे. अशा प्रसंगासाठी अनेक गाड्यांत डिकीच्या आत, झडपेच्या बाजूच्या अस्तरामागे, एक दोरी किंवा प्लास्टिकची कडी ठेवलेली असते. ती सरळ ओढली की खिटी हाताने मागे येते. झटका देऊन किंवा तिरकी ओढली तर दोरीच तुटते. तुमच्या गाडीत ती आहे का आणि कुठे आहे, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेले असते.

कोल्हापूरहून परतल्यावर मेहुण्याला मी ती दोरी कुठे आहे ते विचारले. सहा वर्षे गाडी वापरूनही त्याला ठाऊक नव्हते. आम्ही दोघांनी मिळून डिकी रिकामी केली, पुस्तिकेतले चित्र पाहत उजव्या बाजूच्या अस्तराची छोटी खिडकी उघडली आणि आत हात घातला. मेहुण्याने दोरी हळूच सरळ ओढली, आणि बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या मुलीने झडपेची कड दाबून, "उघडलं, बाबा" असे ओरडून सांगितले.